कोयींतील किडा चोर आहे काय?

खेड व मावळ या तालुक्यांत बांधावरचा रायवळ आंबा ज्यांनीं खाल्ला आहे, त्यांस हें ठाऊक आहे कीं, वरून अगदीं निर्दोष दिसणाऱ्या फळाच्या पोटांतहि कधीं कधीं किडा निघतो. साल कोठें फुटलेली नसते, भोंक नसतें, डाग नसतो. गरहि गोड लागतो. परंतु मुलांनीं पुंगी करण्यासाठीं कोय फोडली म्हणजे आंतला मगज काळा पडून त्याचा भुगा झालेला दिसतो, आणि त्या भुग्यांतून करड्या रंगाचा, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, पुढें सोंड असलेला एक किडा चालूं लागतो. त्याला हात लावावा तर तो पाय पोटाशीं घेऊन मेल्याचें सोंग करितो.

येथें विचारी माणसाच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. पहिला हा कीं, भोंकावांचून हा आंत शिरला कसा? दुसरा हा कीं, त्यानें आमचें कांहीं चोरलें काय? पहिला प्रश्न सृष्टिशास्त्राचा आहे व त्याचें उत्तर मिळालेलें आहे. दुसरा नीतीचा आहे. आणि तो वरवर दिसतो तितका पोरकट नाहीं, असें आम्हांस वाटतें.

मोहर गळून फळें लिंबाएवढीं होऊं लागलीं म्हणजे या किड्याची मादी कोंवळ्या सालींत होडीच्या आकाराची लहानशी चीर पाडते व तींत एक अंडें ठेवते. मग शेजारीं पुन्हां एक खांच करिते, ती अशासाठीं कीं तिच्यांतून चीक वाहून अंड्यावर सुकावा व त्याचें झांकण व्हावें. थोड्याच दिवसांत दोऱ्यासारखी बारीक अळी निघते आणि गरांतून वाट काढीत कोयीकडे जाते. त्या वेळीं कोय मऊ असते. अळी आंत गेल्यावर कोय टणक होते, गर वाढतां वाढतां तिची वाट भरून निघते, सालीवरची चीर बुजते. पुढें जें कांहीं होतें तें बंद दाराआड होतें. अळी मगज खाते, तेथेंच कोष करिते आणि तेथेंच तिचा सोंड असलेला किडा होतो. फळ गळून गर कुजला किंवा कोणी खाल्ला, म्हणजे तो कोय कुरतडून बाहेर पडतो, खोडाच्या सालींतील भेगांत जाऊन बसतो, आणि पुढचा मोहर येईपर्यंत कित्येक महिने तेथें निजल्यासारखा राहतो. वर्षाला त्याची एकच पिढी होते.

जुन्या काळच्या पंडितांस ही वाट ठाऊक नव्हती, म्हणून ते म्हणत कीं असले किडे फळांत आपोआप उत्पन्न होतात. इटली देशांतील फ्रांचेस्को रेदी या वैद्यानें १६६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांसावर कापड बांधून दाखविलें कीं, माशी बसूं दिली नाहीं तर मांसांत अळ्या होत नाहींत. मात्र झाडाच्या गांठींतील व फळांतील अळ्यांविषयीं तोहि फसला. झाडाच्या प्राणशक्तीनेंच त्या उपजतात असें तो समजला. आणि ती चूक त्याच्याच देशांतील वाल्लिस्नेरी यानें पुढें १७०० च्या सुमारास दुरुस्त केली. आपल्यांतील कित्येक उपदेशक फळांतील किड्याचा दृष्टांत अजूनहि देतात, आणि माणसाचें पाप असेंच आंतल्या आंत उपजतें, असें त्यावरून शिकवितात. पाप कोठून उपजतें हा वाद येथें काढण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु दृष्टांत देणाऱ्यानें आधीं कोय पाहावी. किडा बाहेरून आला, फळ लहान असतांना आला, आणि त्याची जखम फळानेंच बुजवून टाकिली. लहान मुलांना सांभाळणाऱ्यांस या खऱ्या गोष्टींत त्या खोट्या दृष्टांताहून पुष्कळ अधिक सांपडेल.

आतां दुसरा प्रश्न. चोरी म्हणावी तर काय गेलें? गर आपण खाल्ला. कोय तर आपण उकिरड्यावर टाकणारच होतों. हापुसासारख्या जातीचें झाड कलमानें होतें. तिला आपल्या कोयीची गरज नाहीं, आणि खुंट तयार करण्यासाठीं रोपवाटिकेवाल्याला कोया लागतात त्या रायवळाच्याहि चालतात. रायवळ मात्र कोयींतूनच होतो. पण एक जुनें झाड आपल्या आयुष्यांत हजारों कोया खालीं टाकितें आणि त्यांतून दोन-चार झाडें वाढलीं तरी पुष्कळ झालें. बाकीच्या गुरांच्या पायाखालीं जातात, पावसांत कुजतात, किंवा उगवून पहिल्या उन्हाळ्यांत वाळतात. मगज थोडाच खाल्लेला असला तर कोरलेली कोयहि कधीं कधीं उगवते. मग यानें घेतलें तें कोणाच्या ताटांतलें?

युरोप खंडांत रानोमाळ वाढणारें हेझल नांवाचें एक झुडूप आहे. त्याला कठीण कवचाचीं लहान फळें येतात. हिमालयांतहि त्याची एक जात रानटी वाढते व तिच्या फळाला तिकडे थांगी म्हणतात. युरोपांतल्या या झुडपाला आमच्या कोयींतल्या किड्याचा भाऊबंद लागतो. मादी आपल्या लांब सोंडेनें कोंवळें कवच कोरून अंडें घालते. अळी मगज खाऊन लठ्ठ होते, कवचाला एक गोल भोंक पाडते आणि फळ गळून पडलें म्हणजे जमिनींत जाऊन निजते. यांत नवल हें कीं, सगळ्या अळ्या पुढच्याच वर्षीं उठत नाहींत. कांहीं दोन वर्षें, कांहीं तीन वर्षें निजून राहतात. झुडूप एका वर्षीं फळांनीं लादून जातें व दुसऱ्या वर्षीं जवळजवळ रिकामें राहतें. सगळ्या अळ्या एकदम उठत्या तर त्या रिकाम्या वर्षीं वंश बुडाला असता. उलट झुडपानेंहि दर वर्षीं सारखींच फळें दिलीं असतीं तर किड्यांनीं तीं सारीं फस्त केलीं असतीं. दोघांचें हें असें चाललेलें आहे, आणि दोघेंहि टिकून आहेत. त्यांच्यांत चोर कोण व सावकार कोण हें ठरविणें कठीण आहे.

आंब्याच्या किड्यावर खरा खटला भरला तो व्यापारानें. अमेरिकेनें सुमारें अठरा वर्षें हिंदुस्थानचा आंबा आपल्या बंदरांत येऊं दिला नाहीं. फळमाशीबरोबर या कोयींतल्या किड्याचेंहि भय हें त्याचें एक मोठें कारण होतें. एप्रिल २००७ मध्यें ही बंदी उठली, ती या अटीवर कीं फळावर ४०० ग्रे इतक्या मात्रेचा किरणांचा मारा करावा. आणि त्यासाठीं नाशिक जिल्ह्यांतील लासलगांवचें केंद्र उपयोगास आलें. या किरणांनीं किडा लगेच मरतोच असें नाहीं, पण त्याचा वंश पुढें चालत नाहीं. अमेरिकेची भीति खुळी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ध्यानांत ठेवावें कीं हा किडा फार दूर उडणारा नव्हे. एका झाडाखालून शेजारच्या झाडावर जाईल, एवढाच त्याचा आवांका. समुद्रापलीकडे तो गेला तो कोयीच्या आंत, माणसाच्या टोपलींत बसून. म्हणजे चोर म्हणावा तर त्याला वाहून नेणारा हमालहि सांपडतो, आणि त्याचें तोंड आपल्या ओळखीचें आहे.

किड्यांवर खटला भरणें ही केवळ बोलण्याची रीत नव्हे. आल्प्स पर्वताच्या सॅव्हॉय प्रांतांत सेंट ज्युलियन नांवाचें खेडें आहे. तेथील द्राक्षमळ्यांना सोंडवाल्या किड्यांच्याच जातीचे हिरवे किडे लागले, तेव्हां गांवकऱ्यांनीं १५४५ सालीं धर्मकोर्टांत त्यांच्यावर फिर्याद केली. त्या वेळीं सार्वजनिक प्रार्थना झाल्या, किडे गेले, आणि प्रकरण तेथेंच राहिलें. १५८७ सालीं किडे परत आले व खटला पुन्हां उभा राहिला. न्यायाच्या रीतीप्रमाणें आरोपींना वकील देण्यांत आला. वाचकांस हसूं येईल. परंतु त्या वकिलानें आपलें काम मन लावून केलें. तो म्हणाला कीं, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत जनावरें माणसाच्या आधीं उत्पन्न झालीं आहेत, फलद्रूप होण्याचा आशीर्वाद प्राण्यांनाहि मिळाला आहे, आणि हिरवी वनस्पति त्यांना अन्न म्हणून दिलेली आहे; तर मग द्राक्षीचीं पानें खाल्लीं यांत त्यांनीं कोणता अपराध केला? शिवाय ज्यांना बुद्धि नाहीं त्यांच्यावर मनुष्यांचा कायदा लागूं कसा होतो? फिर्यादीच्या वकिलानें उत्तर दिलें कीं जनावरें माणसाच्या सत्तेखालीं ठेवलीं आहेत, तीं त्याच्या सेवेसाठीं आहेत.

खटला एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत चालला. मध्यंतरीं गांवकऱ्यांनीं सभा भरवून तडजोड सुचविली: गांवच्या हद्दींतील एक जमिनीचा तुकडा किड्यांना कायमचा तोडून द्यावा, तेथें झाडझुडूप आहे, त्यांचें पोट भरेल. मात्र त्या जमिनींतून जाण्यायेण्याचा रस्ता, तेथील झऱ्यांचें पाणी, आणि युद्धाच्या प्रसंगीं तेथें आश्रय घेण्याचा हक्क गांवानें आपल्याकडे राखून ठेविला. चाकणच्या पंचक्रोशींत ज्यांनीं भूसंपादनाच्या नोटिसा वाचल्या आहेत, त्यांस या अटी परक्या वाटणार नाहींत. किड्यांच्या वकिलानें जमीन नाकारली. ती नापीक आहे, तिच्यांत आपल्या अशिलांचें पोट भरणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. शेवटीं निकाल काय झाला तें कळत नाहीं, कारण कागदांचें शेवटचें पान उंदरांनीं किंवा किड्यांनीं खाऊन टाकिलें आहे.

आम्हांस ही गोष्ट केवळ थट्टेची वाटत नाहीं. त्या कोर्टाची चूक उघड आहे. चोरी होण्यासाठीं दोन गोष्टी लागतात: घेणाऱ्याला हें दुसऱ्याचें आहे याचें ज्ञान पाहिजे, आणि न घेतां राहण्याची मोकळीक पाहिजे. किड्याला दोन्ही नाहींत. तो मगज खातो, कारण मगज खाल्ल्यावांचून तो किडाच होऊं शकत नाहीं. म्हणून तो अपराधी नाहीं, आणि अपराध नाहीं तेथें शिक्षाहि नाहीं. परंतु तो अपराधी नाहीं एवढ्यावरून आपण त्याच्यापुढें हात जोडून बसावें असेंहि होत नाहीं. पुराचें पाणी अपराधी नसतें, तरी आपण बांध घालतोंच. शिक्षा निराळी आणि रक्षण निराळें. सेंट ज्युलियनच्या लोकांनीं या दोहोंचा घोंटाळा केला. आणि आपणहि, कोर्टांत न जातां, रोज तोच घोंटाळा करितों. किड्याला पायाखालीं चिरडतांना कित्येकांच्या तोंडावर जो सूड दिसतो, तो कणगींतल्या दाण्यासाठीं खास नसतो.

कणगीचाच विचार करूं, कारण तेथें हा प्रश्न नुसता बोलण्याचा राहत नाहीं. ज्वारीला, गव्हाला, तांदळाला जे सोंडे लागतात ते याच कुळांतले. मादी दाण्याला सोंडेनें भोंक पाडते, अंडें घालते, आणि वर चिकट बूच बसविते. दाणा बाहेरून जशाचा तसा दिसतो. उबदार व दमट हवेंत महिन्याभरांत अंड्याचा किडा होतो, आणि एक मादी आपल्या जन्मांत शेंकडों अंडीं घालूं शकते. गरिबाच्या घरीं आषाढांत जें पोतें उघडावयाचें, त्यांत नुसता कोंडा निघाला तर तो दोष कोणाचाहि नसो, पोरें तर उपाशींच राहतात. तेथें किड्याचा वाटा ही गोष्ट काढणें क्रूरपणाचें होईल. शेजारचा जैन किंवा माळकरी बंधु किडा मारण्यास कचरतो, त्याची कोणीं थट्टा करूं नये; पण उपाशी घराला त्याच्या मापानें मोजूंहि नये.

सुदैवानें आमच्या आजीबाईंना जी रीत ठाऊक होती ती दोन्ही बाजूंनीं चांगली आहे. धान्य कडक उन्हांत वाळविलें म्हणजे दाण्याबाहेरचे किडे उष्णतेनें आपण होऊन निघून जातात, आणि दाण्यांतील ओल पुरेशी कमी झाली म्हणजे सोंड्यांची वीण होत नाहीं. शेणानें सारवून वाळविलेली कणगी, राख, कडुनिंबाचा पाला, घट्ट झांकण, हीं साधनें स्वस्त आहेत. याच्या उलट बाजारांतून चोरून आणलेल्या विषारी गोळ्या धान्यांत ठेवण्याची चाल कांहीं घरांत शिरली आहे. त्या गोळ्यांना हवेंतील ओल लागली म्हणजे फॉस्फिन नांवाचा वायु सुटतो. तो बंद खोलींत निजलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि देशांत अशीं घरचीं घरें गेलेलीं आहेत. सरकारी नियमाप्रमाणें हें औषध सामान्य घरांत वापरण्यासाठीं नाहींच. ज्या खोलींत मुलें निजतात त्या खोलींत हें ठेवणारा मनुष्य किड्याहून वेगळा आहे तो याच बाबतींत कीं, त्याला सांगितलें तर समजतें. किड्याला चोर म्हणण्यापूर्वीं या गोष्टीला काय म्हणावें, याचा विचार वाचकांनीं करावा.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. पवना व इंद्रायणी या नद्यांवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरलेला पिंपरी-चिंचवडच्या लोकांनीं अनेकदां पाहिला आहे. नगरपालिका ती काढण्यासाठीं वरचेवर पैसा खर्च करिते. ही वनस्पति मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांना भुलून ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं बंगालांत आणिली गेली. तिला खाणारे दोन जातींचे सोंडवाले किडे १९८२-८३ च्या सुमारास परदेशांतून बंगळूरास आणण्यांत आले. ते दुसऱ्या कोणत्या पिकाला तोंड लावीत नाहींत अशी परीक्षा झाल्यावर ते तळ्यांत सोडले, आणि कांहीं तळीं त्यांनीं मोकळीं करून दाखविलीं. कोयींतला किडा शत्रु, आणि त्याचाच चुलतभाऊ सरकारी चाकरींत! दोघेहि एकच काम करितात: सोंड लावून आपलें झाड खातात. शत्रु आणि सेवक हीं नांवें आपण आपल्या सोयीनें दिलीं. आणि ज्या नदींत कारखान्यांचें व वस्तीचें न शुद्ध केलेलें सांडपाणी येतें, तेथें त्या पाण्यावर पोसलेली जलपर्णी किडे खातील त्याहून लवकर वाढते. मग तेथें किड्याला आळशी ठरविणें हें सोपें पडतें.

हें सर्व लिहिण्याचें मुख्य कारण निराळेंच आहे. कीड हा शब्द आतां माणसांना लावण्यांत येतो. पिंपरीस १९५४ सालीं पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला, १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत तिची वस्ती सतरा लाखांवर भरली. पुढें चाकणकडे महाळुंगे, निघोजे, कुरुळी या शिवारांतून मोटारींचे कारखाने उभे राहिले. ज्या जर्मन कंपनीची जुनी गाडी जगभर भुंगेरा या नांवानें ओळखली जात असे, तिचाहि कारखाना २००९ पासून तेथें आहे. या कारखान्यांत कामाला बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मराठवाडा, विदर्भ येथून तरुण येतात. दहा बाय दहाच्या खोलींत चार-पांच जण राहतात. आणि आमच्या गांवांतले, कांहीं आमच्या मंडळींतलेसुद्धां, पारावर बसून म्हणतात, बाहेरची कीड आली. त्या खोल्यांचें भाडें मात्र तेच घेतात.

ज्यांच्या आजोबांना गांवाच्या विहिरीवर चढूं देत नसत, ज्यांच्या सावलीचा विटाळ होत असे, त्यांच्या तोंडीं हा शब्द यावा याचें आम्हांस दुःख होतें. किडा आणि मनुष्य यांत भेद आहे. पण तो हे लोक समजतात त्या ठिकाणीं नाहीं. खुद्द किड्यालाहि जो दोष लावतां येत नाहीं, तो पोट भरण्यासाठीं शेंकडों कोस चालून आलेल्या माणसाला लावावा हें कोणत्या न्यायाचें? तो तर कोणाच्या कोयींत भोंक पाडून आलेला नाहीं. त्याला बोलावणें होतें. कारखान्याच्या दारावर पाटी होती. त्याच्या येण्यानें पाण्याची टंचाई वाढली, भाडीं वाढलीं, रस्ते तुंबले, हें खरें आहे, आणि त्याबद्दल ज्यांनीं व्यवस्था करावयाची त्यांना जाब विचारावा. परंतु जाब विचारणें आणि माणसाला कीड म्हणणें हीं एक नव्हेत. कीड म्हटलें कीं पुढचें पाऊल औषधाचें असतें.

योना भविष्यवाद्याच्या पुस्तकांतहि एक किडा आहे. त्यानें पहाटे एक वेल खाल्ला, आणि सावली गेली म्हणून योना मरणास तयार झाला. परंतु ज्या मोठ्या शहरांत एक लाख वीस हजारांहून अधिक लोक राहत होते, तें बुडालें तर त्याला कांहींच वाटत नव्हतें. तो किडा तेथें नेमलेला होता, असें शास्त्र सांगतें. त्याला कोणीं चोर म्हटलेलें नाहीं. रागें भरलें तें योनालाच.

राहतां राहिला बांधावरचा आंबा. ज्यांचीं झाडें अजून उभीं आहेत त्यांनीं फळें पडूं लागल्यापासून झाडाखालच्या कोया रोजच्या रोज वेंचून खोल पुराव्या किंवा जाळाव्या. मोहर येण्याच्या आधीं खोडाची सैल साल खरवडावी व बुंध्याभोंवतीचा पालापाचोळा झाडून काढावा. एवढ्यानें किडा पुष्कळ कमी होतो. शेजारच्या बांधावरच्या झाडाचेंहि त्याच वेळीं केलें पाहिजे, नाहींतर एकट्यानें केलेलें व्यर्थ जातें. म्हणून गांवकऱ्यांनीं आधीं एकदां बसून दिवस ठरवावा. लावण्यासाठीं ज्या कोया ठेवावयाच्या त्या, मगज न दुखवितां वरचें कवच कातरून, आंत पाहूनच ठेवाव्या.